किरकोळ विक्रीतील कुक्कुटमांस, जीवाणुसंसर्ग आणि वैद्याचे कर्तव्य

आषाढी अमावास्या जवळ आली की घाटकोपर, भांडुप, मुलुंडपासून अंधेरी, बोरिवलीपर्यंतच्या कोंबडीविक्रीच्या दुकानांसमोर सकाळपासून रांगा लागतात. श्रावण सुरू होण्यापूर्वीचा तो शेवटचा मांसाहार असतो. त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत आपल्या चिकित्सालयांतही एक रांग लागते. उदरशूल, द्रवमलप्रवृत्ती, ज्वर व छर्दी ही लक्षणे घेऊन रुग्ण येतात. वर्षाऋतूतील अग्निमांद्य, गुरु आहार आणि अजीर्ण असे निदान करून आपण लंघन-पाचनाची योजना करतो. बहुतेक रुग्ण बरेही होतात. त्यामुळे या विषयाचा अधिक खोलात जाऊन विचार करण्याची गरज आपणांस सहसा भासत नाही. प्रस्तुत लेखकालाही ती भासली नव्हती. एका रुग्णाने ती जाणीव करून दिली, म्हणून हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी श्रावणाच्या आरंभी रिक्षाचालक असलेले एक गृहस्थ अतिसारासाठी माझ्याकडे आले. वय चाळिशीच्या आतले, प्रकृती उत्तम. पाच दिवसांत अतिसार शमला. साधारण बारा दिवसांनी ते पुन्हा आले. “डॉक्टर, पायाला मुंग्या येतात, जिना चढवत नाही,” अशी त्यांची तक्रार होती. अतिसारानंतरचे दौर्बल्य व वातप्रकोप समजून मी बलातैलाचा अभ्यंग व बृंहण आहार सांगितला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांच्या पत्नीने घरी बोलावले. रुग्णाला उठून उभे राहता येत नव्हते. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तर प्रतिक्षिप्त क्रिया दोन्ही बाजूंना पूर्ण लोपलेली होती. तातडीने रुग्णालयात पाठविले. निदान झाले गियाँ-बारे सिंड्रोम. नऊ दिवस कृत्रिम श्वसनयंत्रावर राहून ते वाचले व काही महिन्यांनी चालू लागले. त्यांच्या आजाराचे मूळ कोंबडीच्या मांसातच होते, असे सिद्ध झालेले नाही व तसा दावाही नाही. परंतु मी एक पूर्ण दिवस गमावला होता, हे मात्र निश्चित.

पुण्याचा धडा, अंधेरीची नोंद

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात याच आजाराचा उद्रेक झाला व संशयित धरून रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या मलनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू, तर काहींत नोरोव्हायरस आढळला. संशय प्रामुख्याने दूषित पाण्यावर होता. मात्र हा जीवाणू मूलतः पक्ष्यांच्या आंत्रात राहणारा असल्याने कोंबडीच्या मांसाबद्दलही चर्चा झाली, आणि मांस नीट शिजवूनच खावे असे शासनाकडून सांगण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतील या काळातील पहिली नोंद झाली ती अंधेरी पूर्वेतील एका वृद्ध महिलेची. ज्वर व अतिसाराचा पूर्वेतिहास आणि त्यानंतर पायांकडून वर चढत जाणारे दौर्बल्य, हाच क्रम तेथेही होता.

त्यापूर्वी एप्रिल २०२४ मध्ये गोरेगाव पूर्वेच्या संतोषनगरात चिकन शोर्मा खाल्ल्यानंतर बारा जणांना विषबाधा झाली. पुढच्याच महिन्यात मानखुर्द-ट्रॉम्बे भागात गाडीवरील शोर्मा खाल्लेल्या एका १९ वर्षीय तरुणाचा मृत्यू झाला. हा विषय दूरचा नाही. तो आपल्याच उपनगरांतील, आपल्याच दारातील आहे.

अष्ट आहारविधिविशेषायतनांच्या दृष्टीने विचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आठ आयतने सांगितली. आधुनिक जीवाणुशास्त्राची माहिती या चौकटीत मांडली असता ती वैद्यास सहज ग्राह्य होते व रुग्णास समजावणेही सोपे जाते. प्राचीनांना जीवाणू ठाऊक होते असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. आहाराकडे पाहण्याची त्यांची शिस्त आजही उपयोगी पडते, एवढेच सांगावयाचे आहे.

प्रकृती : कुक्कुटमांस स्निग्ध, उष्ण, बृंहण, बल्य व वातहर म्हणून वर्णिलेले आहे. त्याची ही उपयुक्तता अबाधित आहे. परंतु कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते आणि कॅम्पायलोबॅक्टरच्या वाढीस नेमके हेच तापमान मानवते. पक्षी दिसावयास पूर्ण निरोगी असतो, तरी त्याच्या आंत्रात हे जीवाणू विपुल प्रमाणात असू शकतात. साल्मोनेलाचेही तसेच. म्हणून ‘कोंबडी ताजी होती, समोर कापून घेतली’ हे रुग्णाचे उत्तर समाधानकारक असले तरी पुरेसे नाही. मांस ताजे असणे व मांस जीवाणुमुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

देश : मृत, कृश, अतिवृद्ध, विषाने मारलेल्या अथवा स्वतःच्या स्वाभाविक भूमीबाहेर वाढलेल्या प्राण्याचे मांस वर्ज्य करावे, असा सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायाचा आशय आहे. आज उपनगरांत येणारे पक्षी जिल्ह्याजिल्ह्यांतील पोल्ट्रींतून रात्रीच्या टेम्पोने, एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांतून येतात. वरच्या पिंजऱ्यातील विष्ठा खालच्या पक्ष्यांच्या पिसांवर पडते. प्रवासाच्या ताणामुळे पक्ष्यांकडून विष्ठेवाटे जीवाणू अधिक बाहेर टाकले जातात. एका पोल्ट्रीतील संसर्ग दुकानापर्यंत येता येता अनेक पोल्ट्रींच्या पक्ष्यांत पसरलेला असतो.

करण : किरकोळ दुकानातील संस्कार आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. पक्षी कापून निथळण्यासाठी ड्रममध्ये टाकतात. नंतर कातडीसह पिसे ओढून काढतात किंवा गरम पाण्यात बुडवून यंत्रात पिसे उपटतात. आंत्र काढताना ते फुटले तर त्यातील मळ मांसावर येतो. एकाच बादलीतील पाण्यात दिवसभर मांस विसळले जाते आणि एकाच फडक्याने सुरा व हात पुसले जातात. लाकडी ठोकळ्याच्या भेगांत मांसाचे कण व रक्त मुरते. वरून पाणी ओतले तरी भेग स्वच्छ होत नाही. अशा प्रकारे एका पक्ष्याच्या आंत्रातील जीवाणू त्या दिवशीच्या शंभर ग्राहकांच्या पिशव्यांत जाऊ शकतात. विक्रेत्याची नियत येथे वाईट नसते. वाहते पाणी, निचरा, शीतकपाट आणि वेगवेगळ्या कामांसाठी वेगळी जागा यांचा अभाव हेच मूळ कारण आहे.

काल : पाच ते साठ अंश सेल्सियस या पट्ट्यात रोगकारक जीवाणू वाढतात. अनुकूल तापमानात काही जीवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. या हिशेबाने एका जीवाणूपासून सात तासांत सुमारे एकवीस लक्ष जीवाणू होतात. सकाळी कापलेले व सायंकाळपर्यंत काउंटरवर उघडे राहिलेले मांस याच पट्ट्यात असते. कॅम्पायलोबॅक्टर मात्र याला अपवाद आहे. तो कमी तापमानात व सामान्य हवेत फारसा वाढत नाही, परंतु थंडीत तग धरतो. गोठविल्याने त्याची संख्या घटते, पण तो नष्ट होत नाही. म्हणून फ्रीज हे वाढ रोखण्याचे साधन आहे, शुद्धीचे नव्हे.

राशी : साल्मोनेलाची बाधा होण्यास सामान्यतः जीवाणूंची मोठी संख्या लागते. कॅम्पायलोबॅक्टरचे मात्र काही शेकडा जीवाणूही पुरतात. मांसातून ओघळलेल्या रसाच्या एका थेंबात एवढे जीवाणू असू शकतात. त्यामुळे अन्न ‘खराब’ झालेले नसले, वास-चव उत्तम असली, तरी बाधा होऊ शकते.

संयोग : हे आयतन माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, आणि येथे विरुद्धाहाराखेरीज निराळा अर्थ घ्यावा लागतो. आपल्या घरातील रस्सा चांगला उकळलेला असतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान शंभर अंशांच्याही वर जाते. ७४ अंश तापमान मांसाच्या गाभ्यापर्यंत पोहोचले की हे जीवाणू मरतात. मग घरच्या जेवणातून बाधा का व्हावी? कारण ज्या पाटावर व सुरीने कोंबडी चिरली, त्यावरच कांदा, लिंबू, कोथिंबीर चिरली जाते. रस्सा उकळतो, कोशिंबीर उकळत नाही. तसेच नळाखाली मांस धुताना उडणारे तुषार ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर, पिण्याच्या पाण्यावर पडतात. मांस धुण्याने जीवाणू जात नाहीत, ते पसरतात. आपल्याकडे न धुता शिजविणे कोणास पटणार नाही, हेही खरे. तेव्हा निदान पातेल्यात हळुवार पाणी ओतून धुवावे, जवळ दुसरे अन्न ठेवू नये आणि नंतर सिंक साबणाने घासावे, इतके तरी सांगावे.

उपयोगसंस्था : अन्न उष्ण असतानाच सेवन करावे, या नियमाचे मोल येथे कळते. शोर्म्याच्या उभ्या सळईवर बाहेरचा थर भाजतो, आतला तासन्‌तास कोमट राहतो. गर्दीच्या वेळी बाहेरचा थर संपला की अर्धवट भाजलेला आतला थर कापला जातो आणि त्यावर कच्च्या अंड्याचे मेयोनीज पडते. तंदुरी व कबाबात बाहेरून काळे, आतून गुलाबी असा प्रकार होतो. दही-लिंबाच्या मसाल्यात मुरविल्याने मांस शिजत नाही व जीवाणू मरत नाहीत. दुसरीकडे, समारंभात मोठ्या पातेल्यात शिजविलेले मटण-चिकन हळूहळू निवते. त्यात उकळूनही टिकलेले क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणू पुन्हा वाढीस लागतात. उरलेले अन्न उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे व खाताना वाफा येईपर्यंत उकळावे.

उपयोक्ता : बालक, गर्भिणी, वृद्ध, मधुमेही व क्षीण व्यक्ती यांना धोका अधिक. त्यात एका वर्गाची भर घालावी लागेल. जठरातील अम्ल हा जीवाणूंविरुद्धचा पहिला अडसर आहे. अम्लपित्तासाठी अम्लस्राव कमी करणाऱ्या गोळ्या जे महिनोन्‌महिने स्वतःच घेत राहतात, त्यांच्यात आंत्रसंसर्गाचा धोका वाढतो. औषधविक्रेते बांधवांनी या ग्राहकांकडे विशेष लक्ष द्यावे.

निदानात कालाचे महत्त्व

रुग्ण नेहमी शेवटच्या जेवणास दोष देतो. प्रत्यक्षात काळ मोजला तर कारण निराळे निघते. जेवणानंतर एक ते सहा तासांत प्रामुख्याने छर्दी झाली, तर स्टॅफिलोकोकसच्या विषाचा विचार करावा. हे विष अन्न पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. सहा ते चोवीस तासांनी ज्वराविना मुरडा व द्रवमल असेल, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. सहा ते बहात्तर तासांनी ज्वरासह अतिसार असेल, तर साल्मोनेला. कॅम्पायलोबॅक्टरची लक्षणे मात्र सामान्यतः दोन ते पाच दिवसांनी दिसतात. ज्वर, तीव्र उदरशूल व कधी सरक्त मल ही त्याची लक्षणे होत. शूल इतका की आंत्रपुच्छशोथाची शंका यावी. म्हणून ‘काल काय खाल्ले?’ एवढेच न विचारता मागील पाच दिवसांचा आहार विचारावा. लक्षणांवरून जीवाणूचे निश्चित निदान होत नाही. त्यासाठी मलपरीक्षण व संवर्धन हवे. शाकाहारी रुग्णातही हा संसर्ग दूषित पाणी, न उकळलेले दूध किंवा उपाहारगृहाचे सामाईक स्वयंपाकघर यांतून होऊ शकतो.

चिकित्सेतील विवेक

आमातिसारात प्रारंभीच स्तंभन करू नये, ही शास्त्राज्ञा आपण सर्व जाणतो. आधुनिक वैद्यकही ज्वर व सरक्त अतिसारात आंत्रगती रोखणारी औषधे टाळण्यास सांगते. असे असताना ‘जुलाब बंद करणारी गोळी द्या’ अशी मागणी औषधाच्या दुकानात रोज होते व पुरविलीही जाते. येथे दोन्ही शास्त्रांचा निषेध एकच आहे, तो पाळला जावा.

पहिले लक्ष जलांशाकडे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या शुद्ध पाण्यातच पूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट ग्लासात अंदाजाने टाकण्याची सवय मोडून काढावी. साखरयुक्त शीतपेये व ओआरएससारखी दिसणारी गोड पेये हा पर्याय नव्हे. बालकांत जस्ताची योजना करावी. सहा महिन्यांवरील बालकास दिवसाला २० मिलिग्रॅम, त्याखालील बालकास १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. यासमवेत पेया-मंडादि क्रम, दीपन-पाचन व अवस्थानुरूप कुटज-बिल्वादि कल्पांची योजना आपण करतोच.

प्रतिजैविकांबाबत संयम आवश्यक आहे. साल्मोनेलाच्या साध्या अतिसारात त्यांची सहसा गरज नसते. उलट मलातून जीवाणू जाण्याचा काळ त्यामुळे लांबू शकतो. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कोंबड्यांना दिले जाणारे एन्रोफ्लॉक्सॅसिन शरीरात सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये रूपांतरित होते, म्हणजे पोल्ट्रीतील औषध व आपल्या दुकानातील औषध एकच. कॅम्पायलोबॅक्टरमध्ये या गटास प्रतिरोध वाढल्याने अमेरिकेने २००५ मध्ये पोल्ट्रीत एन्रोफ्लॉक्सॅसिनचा वापर थांबविला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील ७० कोंबड्यांचे नमुने तपासले असता ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष आढळले. भारत सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. अवशेष आणि प्रतिरोधी जीवाणू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अवशेषांचा प्रश्न पोल्ट्रीत सुटावयाचा आहे. जीवाणू मात्र प्रतिरोधी असो वा नसो, शिजविल्याने मरतो, हे रुग्णास सांगावे. चिठ्ठीविना दोन दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देणे हे कायद्याने अयोग्य आहे, आणि त्याने प्रतिरोधास हातभारही लागतो.

रुग्णास केव्हा पाठवावे

मूत्राल्पता, निद्रालुता, मलातील रक्त, १०२ अंश फॅरनहाइटच्या वरचा ज्वर, थांबत नसलेली छर्दी, तसेच तीन दिवसांत उतार न पडणे, यांपैकी काहीही असल्यास रुग्णालयाचा सल्ला द्यावा. तान्हे बालक, गर्भिणी व वृद्ध यांच्यात याहून लवकर.

आणि सर्वांत महत्त्वाचे. अतिसारानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या, जिना चढण्यास त्रास, चाल अडखळणे अशी तक्रार आली, तर ती वातव्याधी म्हणून घरी ठेवू नये. कॅम्पायलोबॅक्टरच्या आवरणातील काही घटक आपल्या नाड्यांवरील घटकांशी साम्य राखतात. जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये मग स्वतःच्याच नाड्यांवर आघात करतात. साधारणतः हजार संसर्गांत एकाला असे होते. प्रमाण अल्प आहे, पण ज्याला होते त्याचा श्वास बंद पडू शकतो. सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांना श्वसनयंत्र लागते.

परीक्षण दोन मिनिटांचे आहे. रुग्णाला टाचांवर व चवड्यांवर चालण्यास सांगावे. उकिडवे बसून आधाराविना उठण्यास सांगावे. गुडघा व घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया पाहाव्यात. एका श्वासात वीसपर्यंत अंक मोजता येतात का, गिळताना त्रास होतो का, डोळे घट्ट मिटता येतात का, हे पाहावे. दोष आढळल्यास त्याच घटकेस अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. इम्युनोग्लोब्युलिन अथवा प्लाझ्मा-विनिमय लवकर मिळाल्यास लाभ अधिक होतो. अभ्यंग, बस्ती व बल्य चिकित्सा यांचे स्थान नंतरच्या पुनर्वसनकाळात आहे, प्रारंभी नव्हे. माझा रिक्षाचालक रुग्ण या दोन मिनिटांच्या परीक्षेने एक दिवस आधी रुग्णालयात गेला असता.

आपण काय करू शकतो

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात महानसाचे वर्णन करताना स्वच्छ व हवेशीर जागा, नखे-केस कापलेले विश्वासू सेवक आणि त्यांवर वैद्याची देखरेख सांगितली आहे. आज राजाचे महानस नाही, परंतु देखरेखीचे कर्तव्य उरले आहे. एकाच वस्तीतून, एकाच दुकानाचे अन्न खाल्लेले दोन-तीन रुग्ण आले, तर दिनांक, अन्न व लक्षणकाल लिहून ठेवावा आणि महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य अधिकाऱ्यांना तसेच अन्न व औषध प्रशासनास कळवावे. घाटकोपरला एन विभाग, मुलुंडला टी विभाग, बोरिवलीला आर-मध्य विभाग. उरलेले अन्न फेकून न देता फ्रीजमध्ये ठेवण्यास सांगावे, म्हणजे नमुना घेता येतो.

औषधविक्रेते बांधवांनी ओआरएस दर्शनी भागात ठेवावे, आणि अतिसाराची गोळी मागणाऱ्याला ज्वर आहे का, मलात रक्त आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. दोहोंपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर त्यास गोळी न देता वैद्याकडे पाठवावे.

आपल्या परिचयातील कोंबडीविक्रेत्याशीही बोलावे. तोही कदाचित आपला रुग्णच असेल. लाकडी ठोकळ्याऐवजी अभंग फळी, बादलीऐवजी वाहते पाणी, आंत्र काढण्याची व मांस तुकडे करण्याची वेगळी जागा, आणि कापलेले मांस बर्फात वा शीतकपाटात, एवढे चार बदल त्याच्या आवाक्यातील आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हा भीतीने राज्यभर कोंबडीची विक्री कोसळली आणि हजारो पोल्ट्रीचालक देशोधडीला लागले. भीती पसरविण्याने कोणाचेच हित होत नाही. मांसाहार करावा की न करावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. जो करतो त्याने तो निर्धोक करावा, इतकेच आपले सांगणे.

येत्या आषाढात चिकित्सालयाच्या भिंतीवर तीन ओळी लावाव्यात : कोंबडीची सुरी व पाट वेगळा ठेवा, मांस आतपर्यंत शिजवून गरम खा, जुलाबानंतर पायांतील शक्ती गेली तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या दोन ओळींनी अनेकांचा अतिसार टळेल. तिसरीने एखाद्याचा प्राण वाचेल.